शेटकार सरांचं टोकन

शेटकार सर रोज सकाळी दूधवाल्याशी डॉलरवरून भांडायचे.

"सर, लिटर घालू का दीड?" गणपत फाटकातूनच विचारायचा.

"लिटरच घाल. आणि ऐक. पेंड महाग का झाली?"

"दुष्काळ हाय, सर."

"दुष्काळ तुझ्या शिवारात हाय. पेंडीचा भाव कुठं ठरतो? अमेरिकेत. कशात ठरतो? डॉलरात. तू डॉलर बघितलास का कधी?"

"न्हाई."

"तुझ्या गाईनं?"

"तिनं तर न्हाईच, सर. ती देवणीची हाय."

"मग तिची पेंड डॉलरात कशी काय?"

गणपत थोडा वेळ खरोखर विचार करायचा. मग म्हणायचा, "हाव सर, हे चूकच हाय. लिटर घालतो."

आमची खिडकी त्यांच्या फाटकासमोर होती, त्यामुळे मला हे रोज ऐकू यायचं. आता टीव्हीवर डॉलरचं राज्य राहणार की जाणार, यावर माणसं तावातावाने बोलताना दिसतात. कोणी म्हणतं सगळ्या जगाने एका देशाच्या नोटेवर का चालावं, कोणी म्हणतं दुसरं आहे काय. मला दोन्ही बाजू पटतात आणि दोन्ही पटत नाहीत. कारण माझ्या डोक्यात तोवर सर येऊन उभे राहिलेले असतात, पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि खिशाला हिरव्या शाईचं पेन.

बाबांची बँकेतली बदली नांदेडहून उदगीरला झाली तेव्हा मी अकरावीत होते. दहावीपर्यंत इंग्रजी शाळेत गेल्यामुळे बोलायच्या आधी मला वाक्य मनात जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा. देवणी रोडवरच्या त्या नव्या कॉलनीत मग मी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं. सरांनी एकदा तोंडावर विचारलं, "बाई, तू बोलत न्हाईस, का आमच्याशी बोलत न्हाईस?" मी नुसती हसले. ते म्हणाले, "बरं हाय. ऐकणारं बी कुणीतरी लागतंयच."

सरांनी सगळी नोकरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण तास राहिला. पूजा आटोपून बाहेर आले की बाबांना पहिला प्रश्न असायचा, "आज कितीला?" म्हणजे आज डॉलर किती रुपयांना. बाबा कर्ज विभागात होते, त्यांना माहीत नसायचं. पण सर रोज विचारतात म्हणून ते हळूहळू पाहून ठेवायला लागले. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, बिदरच्या. घरात कानडी. त्या सरांना ‘री’, म्हणजे ‘अहो’, म्हणून हाक मारायच्या, आणि सर डॉलरवर असले तर ती हाक वाढत वाढत कॉलनीभर पोचायची.

सरांचं प्रत्येक बोलणं ‘हे बघा, साधी गोष्ट हाय’ असं सुरू व्हायचं. साधी गोष्ट कधीच निघायची नाही. पण एक गोष्ट मला समजली होती, किंवा तेव्हा तसं वाटलं होतं.

"हे बघा, साधी गोष्ट हाय. उदगीरच्या माणसाला एक कागद पाहिजे, तर लातूरला जावं लागतं. का? तिथं कलेक्टर बसतो. लातूरच्या लोकांनी आपल्यावर काय जुलूम केला? काही न्हाई. नुसते बसलेत. पण भाडं आपलं, दिवस आपला, चहा बी तिथंच पिणार. लातूर मोठं होणार न्हाई तर काय? तशी अमेरिका. अमेरिका म्हणजे जगाचं जिल्ह्याचं ठिकाण. तेल सौदीचं, घेणार आपण, पण मधी डॉलर आणायला तिकडं जायचं."

त्या उन्हाळ्यात हे सगळ्यांना पटत होतं, कारण लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या कॉलनीत नगरपालिकेचा नळच पोचला नव्हता. "जिल्ह्याला रेल्वे, तालुक्याला घागर," असं लोक म्हणायचे. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून चौकात मांडव घातला होता, रोज नवीन माणसं उपोषणाला बसायची. कृती समितीचे अध्यक्ष बसवराज अप्पा आमच्याच कॉलनीतले, मोंढ्यातल्या धान्यबाजारात त्यांची आडत होती. जिल्ह्याच्या बाबतीत अप्पा आणि सर एक. डॉलरच्या बाबतीत नाही.

"सर, डॉलर हाय म्हणून मला आडतीत बसून कळतं, ब्राझीलचा माणूस सोयाबीन काय भावानं इकून राहिला. उद्या पाच देशांनी पाच चलनं आणली तर मी पाच कॅल्क्युलेटर घिऊन बसू का?"

"पाच न्हाई हो अप्पा. चीन, रशिया, आपण, आणखी दोघं, बँक तर काढलीच हाय. आता पाचांचं मिळून एक चलन."

"अन् ते छापणार कोण? चीन?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते बघता येईल," म्हणाले.

अप्पांनी एकदा सरांना मांडवात भाषणाला बोलावलं. मी आईबरोबर बाजारातून येत होते, म्हणून ऐकलं. सुरुवात जिल्ह्यापासून झाली. मग सर सोन्यावर गेले. "पूर्वी डॉलरच्या मागं सोनं होतं. कुठल्याही देशानं डॉलर नेऊन द्यावा आणि सोनं घ्यावं. मग लढाईत खर्च वाढला, नोटा जास्त झाल्या, सोनं तेवढंच. तेव्हा अमेरिकेचा अध्यक्ष टीव्हीवर आला आणि म्हणाला, सोनं देणं तात्पुरतं बंद. तात्पुरतं! माझी मिशी फुटली न्हवती तवाची गोष्ट हाय. अजून ते तात्पुरतं चालूच हाय! जगाला इतकी मोठी थाप कुणी मारली नसंल. मागं काही नसलेला कागद एक दिवस पडणार म्हणजे पडणारच!" लोकांना वाटलं लातूरच्या कलेक्टरबद्दल चाललंय. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. अप्पांनी माइक घेतला, "सर, आधी जिल्हा, मग डॉलर."

मी घरी येऊन बाबांना विचारलं, मग आता डॉलरच्या मागे काय आहे? बाबा म्हणाले, "विश्वास." आणि मग, "म्हणजे तसं म्हणतात."

कॉलनीने वर्गणी काढून टँकर लावले होते. एक दिवसाआड दोन यायचे. पहिल्या आठवड्यात बायका एकमेकींच्या पाइपवर पाय देऊन उभ्या राहिल्या, एकीचा हात मोडता मोडता राहिला. मग सगळ्यांनी ठरवलं की वाटप शेटकार सरांनी करायचं, कारण सर एकवेळ कंटाळा आणतील पण एक तांब्या जास्त घेणार नाहीत.

सरांनी टोकन काढलं. एक टोकन म्हणजे एक बॅरल पाणी. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे, त्यावर हिरव्या शाईने सही. कापायला त्यांनी मला बसवलं. "तू बोलत न्हाईस, म्हणून तूच," म्हणाले. मी कापायची आणि ते सही करायचे, प्रत्येक टोकनावर पूर्ण सही, घाई नाही. आठवड्यात जेवढे बॅरल येणार तेवढीच टोकनं, रविवारी घरोघर वाटायची. "हे डॉलरपेक्षा भारी चलन हाय," ते मला म्हणाले. "याच्यामागं पाणी हाय."

बाबांनी टोकन उलटंपालटं करून पाहिलं. "सर, तारीख घाला. अमुक आठवड्यापुरतं, असं."

"नोटेवर मुदत असते का?" सर म्हणाले. "बँकवाले तुम्ही, आणि असं विचारता?"

बाबांनी टोकन परत दिलं. मला वाटलं, सरांचं बरोबर आहे.

थोड्याच दिवसांत गंमत सुरू झाली. ज्यांच्या घरचे गावाला गेले होते त्यांच्याकडे टोकनं उरायला लागली. ती त्यांनी इस्त्रीवाल्याला दिली. इस्त्रीवाल्याने भाजीवालीला. गणपतचा गोठा कॉलनीच्या टोकाला होता, त्याच्या बोअरला दिवसातून थोडंसंच पाणी यायचं, म्हणून तो दुधाच्या बदल्यात टोकन घ्यायला लागला. सर हे पाहून इतके हरखले की त्या दिवशी त्यांनी गणपतशी भांडणसुद्धा केलं नाही. "बघितलंस का, बाई? आपल्या गल्लीत चलन जन्माला आलं!"

आणि जमीला खालांनी टोकनं साठवायला सुरुवात केली. त्यांच्या घरचं गाद्यांचं दुकान होतं, पिढ्यान्‌पिढ्या उदगीरचेच. त्यांच्या शाहीनचा निकाह शुक्रवारी ठरला होता, पाहुणे हैदराबादहून येणार होते. पाणी साठवलं तर त्यात किडे होतात, म्हणून खाला पाणी घ्यायच्या नाहीत, टोकन ठेवायच्या. घरात एका बादलीत तिघांच्या आंघोळी, कपडे धुवायला शाहीन मावशीकडे जायची. खाला आईला बटवा दाखवून म्हणाल्या, "देगा धुवायला, खाना पकवायला, मेहमानांच्या हातावर घालायला, सगळं पानी याच्यात हाय."

पण टोकन बटव्यात असलं तरी टँकरमधलं पाणी बटव्यात नव्हतं. ते त्या दिवशी उरायचं, आणि उरलेलं पाणी सर चौकातल्या मांडवाला पाठवायचे. उपोषणाला बसलेली माणसं, त्यांना भेटायला येणारी माणसं, सगळ्यांचे रांजण त्यावर भरायचे. मी एकदा बटव्याकडे आणि मग जाणाऱ्या टँकरकडे पाहिलं असावं, कारण सर आपणहून म्हणाले, "ते टोकन झोपलंय, बाई. टोकन झोपलं म्हणून पाणी कशाला झोपवायचं? जिल्हा झाला की सगळ्यांना पाणीच पाणी."

मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण काय, ते सांगता आलं नसतं, आणि ते शिकवणारे होते.

निकाहच्या आठवड्यात टँकरवाल्याची विहीर खाली गेली. दोनाचा एक टँकर झाला. ही बातमी सकाळी दुधाबरोबर घरोघर गेली आणि झोपलेली सगळी टोकनं एकदम उठली. इस्त्रीवाला, भाजीवाली, गावाहून परत आलेले, सगळे बॅरल घेऊन फाटकाशी. टँकरात होतं त्याच्या कितीतरी पट पाणी लोकांच्या मुठीत होतं.

सर टँकरच्या पायरीवर चढले. भस्म घामाने ओघळलं होतं. "हे बघा, साधी गोष्ट हाय," म्हणाले, आणि पुढचं त्यांना सुचलंच नाही. मग म्हणाले, "जुनी टोकनं... तात्पुरती बंद. आज माणशी मोजून पाणी. प्रत्येकाला थोडं थोडं."

तो शब्द उच्चारल्यावर त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मी पाहिलं. अप्पांनीही पाहिलं, पण ते हसले नाहीत.

खाला रांगेत मागे होत्या. त्या पुढे आल्या, बटवा उघडला. "सर, ही सही तुमची हाय?"

"माझीच हाय, खाला."

"मग पानी?"

"आज न्हाई. आज तात्पुरतं..."

"मेरेकू तात्पुरतं नक्को, सर. शुक्रवारी निकाह हाय. एक बोला. टोकन खरं असंल तर पानी द्या. खोटं असंल तर खोटं हाय म्हणा, मी चुलीत घालते. माझी पोर महिनाभर तोंड धुवायला बी मापून पानी घेऊन राहिली."

"खोटं न्हाई," सर म्हणाले. "खोटं न्हाई, पण..."

खालांनी त्या ‘पण’ची वाट पाहिली. मग बटव्याची दोरी ओढली आणि आपल्या वाटणीचं थोडंसं पाणी घेऊन गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर तसेच चपला न घालता चौकात गेले. बाबा त्यांच्या मागे गेले, ऊन फार होतं म्हणून. बाबांनी नंतर सांगितलं ते असं. सर मांडवात जाऊन अप्पांना म्हणाले, "अप्पा, मी पाठवलेलं पाणी परत पाहिजे."

"सर, पाणी परत कसं देऊ? लोकांनी पिलं."

"ते खालाचं पाणी होतं."

"मग पाठवताना सांगायचं होतं की. आम्ही खालाला इचारून पिलो असतो." अप्पांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "तुमी म्हणलाव, झोपलंय. आम्हाला काय माहीत, त्याला शुक्रवारी उठायचं होतं."

सर परत आल्यावर जेवले नाहीत. काकू कानडीत काहीतरी समजावत होत्या, त्यात ‘नीर’ म्हणजे पाणी एवढंच मला कळत होतं. संध्याकाळी सर घरोघर निघाले. आमच्याकडेही आले, दारातच उभे राहिले. आईला म्हणाले, "वहिनी, जुनं टोकन कुणी दिलं तर घेऊ नका. त्याच्यामागं आता पाणी न्हाई. मी सही केली, पण त्याच्यामागं काही न्हाई. हे मी स्वतः सांगून राहिलो." प्रत्येक दारात हेच. इतक्या प्रामाणिकपणे स्वतःच्या सहीचा अपमान करणारा माणूस मी पाहिला नाही.

आई "बरं सर" म्हणाली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला आला. सुट्टे नव्हते. आईने जुनं टोकन पुढे केलं, जरा ओशाळून. त्याने घेतलं. आई म्हणाली, "अहो, सर म्हणाले ना..." तो म्हणाला, "असू द्या वैनी, चालतंय."

आणि चालतच राहिलं. फक्त एक झालं, बॅरलच्या टोकनाला आता आपापसात दोन घागरीच मिळायच्या, कधी एक. कोणी ठरवलं ते कळलं नाही. अप्पा म्हणाले, "सर, तुमच्या टोकनाचा भाव आता मोंढ्यासारखा फुटून राहिला." सर फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला अडवत होते, "अरे, घेऊ नको! का घेतलास?" लोक त्यांना नमस्कार करून पुढे जात होते.

शुक्रवारी सकाळी खालांच्या दारात मांडव होता. भाताची मोठी देग कोरडीच पालथी होती, बागारा खाना अजून चढला नव्हता. खाला दाराशी बटवा घेऊन उभ्या. आधी भाजीवाली एक घागर घेऊन आली. खालांनी एक टोकन दिलं. तिने ते कमरेला खोवलं. मग इस्त्रीवाल्याची बायको दोन घागरी घेऊन आली. मग समोरच्या गल्लीतलं कोणी. आपापल्या थोड्याशा वाटणीतलं पाणी, घरात उद्या काय करायचं याचा विचार न करता, किंवा करूनच. आईनेही मला एक घागर घेऊन पाठवलं. मला टोकन घ्यायचं नव्हतं, पण ‘नको’ म्हणायचं वाक्य जुळेपर्यंत ते माझ्या हातात आलं होतं. गणपतने तर गोठ्यातली टाकीच छोट्या गाडीवर आणली, गाईंच्या वाटणीची.

सर मांडवाच्या खांबाशी उभे होते. कोणीतरी हातात सरबताचा पेला दिला होता, तो तसाच धरलेला.

"गणपत," त्यांनी त्याला अडवलं. आवाज बारीक झाला होता. "तुला मी दोनदा येऊन सांगितलं. त्या टोकनामागं काही न्हाई. तरी घेतलंस? का?"

गणपत टोकनं मोजून बंडीच्या खिशात ठेवत होता. "सांगितलाव की, सर. म्हणूनच घेतलं."

"म्हणजे?"

"जो माणूस उन्हातानात घरोघर फिरून सांगतो की माझं टोकन घेऊ नका, त्यो टोकन बुडवंल का? उद्या दोन टँकर चालू झाले की तुमी आमच्या मागं लागून पाणी देताल." तो सरांना समजावत असल्यासारखा बोलत होता. "साधी गोष्ट हाय, सर."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग देगीकडे, जी आता सरळ होऊन भरत होती. मला वाटलं आता ते डॉलरचं काहीतरी म्हणतील, सगळं जुळवून दाखवतील, आणि मलाही एकदाचं समजेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर, वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतो, तसा भाव होता. त्यांनी सरबताचा पेला माझ्या हातात दिला आणि घरी गेले.

थोड्या वेळाने ते परत आले. खांद्यावर घागर होती, त्यांच्या हौदातल्या पाण्याची. शर्टाची एक बाजू भिजलेली. मागून काकू दुसरी घागर घेऊन येत होत्या. सर रांगेत उभे राहिले, दुसरी घागर घेऊन आलेल्या भाजीवालीच्या मागे.

खाला तोवर थकल्या होत्या. पाहुण्यांची जीप वळणावर दिसत होती, आतून शाहीनला मेंदीच्या हातांनी काही धरता येत नाही म्हणून हाका येत होत्या. त्या वर बघतही नव्हत्या. घागर आत ओतली जायची, त्या बटव्यात हात घालायच्या, टोकन द्यायच्या. सरांची घागर ओतली गेली. खालांनी बटव्यात हात घातला आणि एक टोकन त्यांच्यापुढे धरलं.

सर तिथे उभे राहिले. मागचा माणूस "चला सर" म्हणाला. त्यांनी टोकन घेतलं, उजेडाकडे धरून स्वतःची सही नीट पाहिली, नोट खरी आहे का पाहतात तशी. मग ते दुमडू नये म्हणून सांभाळून शर्टाच्या कोरड्या खिशात ठेवलं, आणि घागर घेऊन पुन्हा हौदाकडे गेले.